ताई, तुम्ही तर चालत आल्या!

मित्रहो, पोस्ट लांब आहे. पण पूर्ण वाचा, मग काय भांडायचं ते कमेंटमध्ये भांडा.

मागे आपल्या पुसदमध्ये दिव्यांगांना व्हीलचेअर वाटपाचा कार्यक्रम झाला. स्टेज, हार, शाल, भाषणं, फोटो, सगळं रीतसर. कुणी केला ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या माणसांचा नाही. माझी धाकटी बहीण तिथे गेली होती. तिला व्हीलचेअर नको होती. औषधाच्या खर्चाला काही हातभार मिळतो का, एवढंच विचारायचं होतं. टेबलावरच्या भाऊंनी तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही तर चालत आल्या! तुम्हाला काय झालं?"

तिला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. थोडक्यात एमएस. आपल्याच शरीराची रोगाशी लढणारी फौज मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवरचं आवरण खायला लागते. वायरीवरचं रबर उंदरानं कुरतडावं तसं. मग कधी एका डोळ्याला दिसेनासं होतं, कधी पाय बधिर होतात, कधी लघवीवर ताबा राहत नाही, आणि थकवा असा की भाकरीचं पीठ मळताना बसून घ्यावं लागतं. बऱ्याच जणांना तो झटक्यांनी येतो. झटका येतो, ओसरतो, पुन्हा येतो. मधल्या काळात माणूस धडधाकट दिसतो. म्हणून तर "चालत आल्या" ऐकावं लागतं.

तिला सव्विसाव्या वर्षी डोळ्याला धूसर दिसायला लागलं. तीन आठवड्यांत बरं झालं. मग पायाला मुंग्या. कुणी कमजोरी म्हटलं, कुणी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली, कुणी लग्नाचं टेन्शन म्हटलं, नातेवाइकांनी 'बाहेरचं' म्हणून अंगारा आणला. नागपूरला एमआरआय होऊन रोगाचं नाव कळेपर्यंत अडीच वर्षं गेली. या रोगात औषध लवकर सुरू होण्याला किंमत आहे, कारण नस एकदा कायमची गेली की परत येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. १९९५ च्या अपंग कायद्यात एमएसचं नावच नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार धरले, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नाव घेऊन आहे. २०१७ पासून तो लागू आहे. पण आरक्षण आणि बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. तपासणीच्या दिवशी झटका ओसरलेला असेल तर? मग टक्के कमी. आणि औषध घेऊन अपंगत्व थांबवलं, तर जितकं यश तितकी मदत कमी! महात्मा फुले योजनेचा भरही दवाखान्यात भरती होऊन केलेल्या उपचारांवर. एमएसचं औषध मात्र घरी राहून वर्षानुवर्षं घ्यायचं असतं.

कुणी म्हणेल, असे पेशंट असतात तरी किती? काहून त्यांच्यासाठी एवढा आटापिटा? बरोबर प्रश्न आहे. उत्तर असं की आपल्याकडे कुणी मोजलेच नाहीत. मंगळूर शहरात मोजले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लाखाला साधारण ८ रुग्ण निघाले. किनाऱ्यावरच्या शहराचा दर यवतमाळला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणत नाही. पण नुसता अंदाज म्हणून लावून बघा. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाख ७२ हजार. म्हणजे जिल्ह्यात सव्वादोनशेच्या आसपास माणसं. पुसद शहर ७३ हजारांचं, म्हणजे सहा जण. मला माझ्या बहिणीशिवाय एकही माहीत नाही. बाकीचे पाच कुठे आहेत? कुणाच्या घरात अंगारे लावून बसले आहेत?

न मोजलेलं सरकारला दिसत नाही. सिकलसेलचं उदाहरण आपल्या विदर्भातलंच आहे. गावोगाव, शाळाशाळांत रक्त तपासलं, आकडे हातात आले, तेव्हा २०२३ मध्ये राष्ट्रीय मिशन उभं राहिलं. हिमोफिलियाच्या रुग्णांनी १९८३ मध्ये आपली देशपातळीवरची संघटना केली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आज त्यांचं महागडं फॅक्टर सरकारी दवाखान्यात मिळू शकतं. आभाळातून पडलं नाही ते.

एमएसची गोष्टही अशीच आहे. १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये सिल्व्हिया लॉरी नावाच्या बाईनं पेपरात छोटी जाहिरात दिली. भावाला एमएस होता, या रोगातून कुणी बरं झालं असेल तर कळवा, एवढंच. बरं झालेल्यांची पत्रं आली नाहीत. आली ती तिच्यासारखीच वाट शोधणाऱ्यांची. त्यांना धरून तिनं १९४६ मध्ये संस्था काढली, लोकांच्या वर्गणीतून संशोधनाला पैसा दिला. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. आपल्याकडे १९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया सुरू झाली. पुण्यातही शाखा आहे. समुपदेशन, व्यायाम, औषधाला मदत असं काम त्या करतात. त्यांच्यावर टीका करायची नाही. मुंबई-पुण्याच्या देणगीदारांनी आपलं काम केलं. प्रश्न आपला आहे.

संशोधनाला दानाचा किंवा सरकारचा पैसा कशाला, कंपन्या करतीलच की, असंही लोक म्हणतात. करतात, पण नफा असेल तिथेच. रिटुक्सिमॅब हे मूळचं कॅन्सरचं औषध. त्याची स्वस्त आवृत्ती आपल्या देशात २००७ पासून बनते. जुन्या, स्वस्त औषधाची एमएससाठी मोठी चाचणी करण्यात कुठल्या कंपनीला रस असणार? शेवटी स्वीडनमध्ये सरकारी संशोधन निधीतून चाचणी झाली. निकाल २०२२ मध्ये आला. दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांना पुन्हा झटका आला, तुलनेच्या महागड्या गोळीवर १६ टक्के लोकांना. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेनं अत्यावश्यक औषधांच्या यादीत एमएससाठी तीन औषधं घेतली, त्यात हे एक. त्यासाठी अर्ज कुणी केला? रुग्णसंस्थांच्या त्याच महासंघानं. (कुणाला कोणतं औषध द्यायचं ते न्यूरॉलॉजिस्टच ठरवतील. माझ्या पोस्टवरून कुणी औषध बदलू नका.)

म्हणजे वर्गणीचा पैसा नीट वापरला तर कुठपर्यंत जातो बघा. आणि आपला कुठे जातो? वाढदिवसाच्या फळवाटपात, बॅनरवर, डीजेवर. पुसदमध्ये दानत नाही असं कोण म्हणेल? महाप्रसादाला एका हाकेत पोतीच्या पोती धान्य येतं. पण आपलं दान एका दिवसाचं असतं आणि हा रोग जन्मभराचा. वर्षभर दर महिन्याला कुणाच्या फिजिओथेरपीचे पैसे भरणं, नागपूरच्या खेपेचं भाडं देणं, याचा फोटो निघत नाही ना भाऊ!

म्हणून माझं म्हणणं चार गोष्टींत सांगतो.

एक, यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयानं जिल्ह्यातल्या एमएस रुग्णांची नोंदवही सुरू करावी. पुसदच्या डॉक्टर मंडळींनी आपल्याकडची माहिती, रुग्णाची परवानगी घेऊन, त्यात द्यावी.

दोन, मंडळं, ट्रस्ट, पतसंस्था यांनी एकेका रुग्णाचा खर्च निदान तीन वर्षं उचलावा. मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामाला देणं कायद्यानं बंधनकारक आहे, तिथेही मागायला जाऊ.

तीन, धर्मादाय रुग्णालयांकडे हक्कानं मागा. कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. ती भीक नाही.

चार, जागतिक यादीतली ही औषधं एमएससाठी सरकारी दवाखान्यात मोफत मिळावीत. दान हे सरकारच्या जबाबदारीला पर्याय नाही. दोन मुख्यमंत्री दिलेल्या पुसदमधून एवढं एक निवेदन मुंबईला जाऊ शकत नाही का? मी मसुदा लिहितो, सह्या तुम्ही द्या.

३० मे ला जागतिक एमएस दिवस असतो. त्या दिवशी पुसदमध्ये एमएसचे रुग्ण आणि घरचे एका खोलीत बसले पाहिजेत. हार नाही, स्टेज नाही, चहा माझ्याकडून.

तुम्ही त्या पाचांपैकी असाल, किंवा तुमच्या घरात, गल्लीत, तांड्यावर कुणी असेल, तर इनबॉक्समध्ये एक ओळ टाका. नाव कुठे जाणार नाही. उमरखेड, महागाव, दिग्रसवाल्यांनीही लिहा. माझी बहीण म्हणते, औषधाचं मागाहून बघू, आधी कुणीतरी भेटू दे, ज्याला हे समजावून सांगावं लागणार नाही.