मुखलेपाचा विवेक

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी उटण्याची आठवण होते. नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल आणि उटणे लावून केलेल्या अभ्यंगस्नानावाचून मराठी घरातील दिवाळी सुरूच होत नाही. विवाहापूर्वी वधूवरांना हळद लागते, बाळंतघरात तान्ह्या बाळाच्या अंगाला डाळीचे पीठ आणि साय लागते. त्वचेची निगा ही आपल्या समाजाने चैन मानली नाही. सणवार, ऋतू आणि संस्कार यांच्याशी तिची सांगड घालून ती गरीब-श्रीमंत सर्वांच्या आवाक्यात ठेवली. वर्षानुवर्षे ही निगा आजी आणि आईच्या हातून पुढच्या पिढीकडे जात राहिली.

आज हे चित्र पालटले आहे. चेहऱ्यावर लावायच्या लेपाला आता ‘फेस मास्क’ असे नाव मिळाले असून त्याची स्वतंत्र बाजारपेठ उभी राहिली आहे. मातीचा मास्क, कोळशाचा मास्क, सोलून काढायचा मास्क, रात्रभर ठेवायचा मास्क आणि कोरियातून आलेला, द्रवात भिजवलेल्या पातळ कापडासारखा ‘शीट मास्क’ असे त्याचे असंख्य प्रकार आहेत. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रोज कुणीतरी नवा मास्क लावून दाखवते आणि महाविद्यालयात जाणारी मुलगी आपल्या हातखर्चातून तो मागवते. आता मुलगेही यात मागे राहिलेले नाहीत. या स्थितीवर आपल्याकडे दोन ठरावीक प्रतिक्रिया उमटतात. एक पक्ष म्हणतो, हे सारे पाश्चात्त्य थेर आहे, टाकून द्या. दुसरा पक्ष म्हणतो, जे नैसर्गिक आणि आयुर्वेदिक आहे ते डोळे मिटून लावा, त्याने अपाय होतच नाही. या दोन्ही प्रतिक्रिया विचाराचे कष्ट टाळणाऱ्या आहेत आणि दुसरी तर ज्या परंपरेचे नाव घेते, त्या परंपरेलाच छेद देणारी आहे.

कारण आपल्या शास्त्रकारांनी लेपाविषयी जे लिहून ठेवले आहे, त्याचा मुख्य भर लेपाच्या गुणगानावर नसून त्याच्या नियमांवर आहे. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथातील सूत्रस्थानाच्या २२ व्या अध्यायात मुखलेपाचे विवेचन येते. तेथे लेपाचे तीन प्रकार सांगितले आहेत. दोष हरण करणारा, विष हरण करणारा आणि वर्ण उजळवणारा, म्हणजे कांती देणारा. या तिन्हींची जाडीही वेगवेगळी सांगितली आहे. अनुक्रमे अंगुळाचा चौथा भाग, तिसरा भाग आणि अर्धा भाग. वात आणि कफाच्या विकारात लेप कोमट असावा, अन्यत्र तो शीतल असावा, असाही निर्देश आहे. सहा ऋतूंसाठी सहा निरनिराळे लेप दिले आहेत. हेमंतात बोराच्या बियांतील मगज, अडुळशाचे मूळ, लोध्र आणि पांढरी मोहरी, तर ग्रीष्मात कमळाच्या जाती, दूर्वा, ज्येष्ठमध आणि चंदन. थंडीत उष्ण द्रव्ये आणि उन्हाळ्यात शीत द्रव्ये, ही त्यामागची सरळ दृष्टी आहे. बाराही महिने, सर्व प्रकृतींच्या माणसांना, एकाच डबीतील एकच लेप लावावा, ही कल्पनाच या शास्त्राला परकी आहे.

याहूनही महत्त्वाचा नियम पुढे येतो. लेप ओला आहे तोवरच चेहऱ्यावर ठेवावा. तो वाळला तर कांती बिघडवतो. काढताना तो पुन्हा ओला करून काढावा आणि त्यानंतर चेहऱ्याला स्नेह, म्हणजे तेल, लावावे. लेप असताना ऊन, अग्नी, अतिभाषण, क्रोध आणि दिवसाची झोप वर्ज्य सांगितली आहे. सर्दी-पडसे झालेल्याने, अजीर्ण झालेल्याने आणि रात्री जागरण झालेल्याने तर लेप लावूच नये, असे स्पष्ट म्हटले आहे. आज मात्र रात्रभर जागलेल्या चेहऱ्याचा शीण घालवण्याचा उपाय म्हणूनच मास्क विकला जातो, हे ध्यानात घेतले म्हणजे आपण शास्त्रापासून किती दूर आलो आहोत ते कळते. थकलेल्या देहाला विश्रांती हवी असते. त्याच्या तोंडावर लेप थापून विश्रांतीची उणीव भरून निघत नाही.

या नियमांना आधुनिक ज्ञानाचा आधार आहे काय? पुष्कळ अंशी आहे. मुलतानी मातीचेच उदाहरण घेऊ. या मातीतील सूक्ष्म कणांची रचना पापुद्र्यांची असते आणि ते तेल व पाणी शोषून घेतात. म्हणून तेलकट त्वचेवर तिचा गुण येतो. परंतु माती पूर्ण सुकून तडकेपर्यंत ठेवली, तर तेलाबरोबर त्वचेतील ओलावाही ती खेचते. मग चेहरा ताणल्यासारखा होतो, खाज सुटते आणि कोरड्या त्वचेच्या व्यक्तीला तर अपायच होतो. ‘लावा आणि कडक वाळेपर्यंत हसू नका’ हा आपल्याकडे रूढ झालेला सल्ला म्हणूनच चुकीचा आहे. कोरियन शीट मास्कचीही गत वेगळी नाही. त्यातील द्रव त्वचेला तात्पुरता ओलावा देतो. पंधरा-वीस मिनिटांनंतर कापड सुकू लागले की लाभ संपतो. शतकांपूर्वी वाग्भटाने सांगितलेली आणि आजचे त्वचारोगतज्ज्ञ सांगतात ती गोष्ट एकच आहे. वाळण्यापूर्वी काढा आणि नंतर स्निग्धता द्या.

तेव्हा लेप निवडताना प्रथम विचार हवा तो स्वतःच्या त्वचेचा. तेलकट त्वचेला माती चालते, तीही आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा आणि दहा-पंधरा मिनिटांपुरती. कोरड्या त्वचेला साय, मध, कोरफडीचा गर यांसारखी मृदू द्रव्ये मानवतात. नाजूक, चटकन लाल होणाऱ्या त्वचेला सुगंधी द्रव्यांनी भरलेला कोणताही लेप, मग तो देशी असो की विदेशी, त्रासदायकच ठरतो. नवा लेप थेट चेहऱ्यावर न लावता आधी कोपराच्या आतील बाजूस थोडासा लावून एक-दोन दिवस वाट पाहावी. डोळे आणि ओठ यांभोवतीची जागा सोडावी. मुरुमे पिकलेली असतील, जखम असेल किंवा त्वचेच्या रोगावर औषध चालू असेल, तर वैद्यांना किंवा डॉक्टरांना विचारल्यावाचून काहीही लावू नये. दिवसा बाहेर पडताना उन्हापासून चेहऱ्याचे रक्षण करण्याने जे साधते, ते कोणत्याही लेपाने साधत नाही, हेही विसरू नये.

स्वयंपाकघरातील प्रत्येक वस्तू निरुपद्रवी असते, हा समजही सोडायला हवा. लिंबू आपल्या घरचे आहे म्हणून ते चेहऱ्यावर चोळावे असे होत नाही. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास त्यातील काही घटकांवर सूर्यकिरणांची क्रिया होऊन त्वचेवर फोड आणि नंतर काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा त्वचेच्या स्वाभाविक आम्लतेला बाध आणतो. हळदीचे म्हणावे तर बाजारातील सुट्या हळदीत मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट यांसारख्या विषारी रंगांची भेसळ झाल्याचे प्रकार वेळोवेळी उघडकीस आले आहेत. लेपासाठी हळकुंड आणून घरी दळणे हा तुलनेने सुरक्षित मार्ग होय. खऱ्या चंदनाचे मोल ज्याला ठाऊक आहे, त्याला वीस रुपयांच्या पुडीतील ‘चंदन पावडर’ काय असेल याचा अंदाज सहज करता येईल.

इथे स्वदेशीचा प्रश्न येतो. वेष्टनावर ऋषींचे चित्र, तुळशीचे पान आणि संस्कृत नाव छापले की वस्तू स्वदेशी आणि शुद्ध झाली, असे मानणे ही स्वतःची फसवणूक आहे. ग्राहकाने वेष्टन उलटून वाचले पाहिजे. उत्पादन परवान्याचा क्रमांक, घटकद्रव्यांची यादी, वापराची मुदत आणि आयात केलेल्या वस्तूवर नोंदणीचा क्रमांक आहे की नाही, हे पाहणे हा स्वदेशीचाच एक भाग आहे. कोरियाकडे पाहा. त्या छोट्याशा देशाने आपला तांदूळ, आपले जिनसेंग, आपल्या आंबवण्याच्या पद्धती प्रयोगशाळेत नेल्या, तपासल्या आणि जगाच्या बाजारात मानाने मांडल्या. आपल्याकडे सहा ऋतूंचे सहा लेप ग्रंथात लिहिलेले असताना त्यांची कसून परीक्षा करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या नावाचा व्यापार करणारेच अधिक आहेत.

परीक्षेचे आणि पुराव्याचे बळ काय असते, हे आपण एकदा अनुभवले आहे. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून काढण्यासाठी हळदीच्या वापराचे पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तो विजय घोषणांनी मिळाला नव्हता. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय नियतकालिकात छापलेला शोधनिबंध, असे लिखित पुरावे समोर ठेवले गेले म्हणून तो मिळाला. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा धडा कायम स्मरणात ठेवावा असा आहे.

मात्र या साऱ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न अधिक गंभीर आहे. आपल्याकडे लेप लावला जातो तो बहुधा निरोगी त्वचेसाठी नाही, गोरेपणासाठी. गोरे करण्याचे आश्वासन देणारे एक प्रसिद्ध मलम १९७५ साली आपल्या बाजारात आले. २०२० साली कंपनीला त्याच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द काढावा लागला. शब्द गेला, हाव गेली नाही. २०२३ साली अकोल्यातील एका कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे आणि त्यांनी वापरलेल्या गोरेपणाच्या मलमात पारा असल्याचे उघड झाले. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीतून ही बाब पुढे आली. त्याच वर्षी केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातूनही अशाच रुग्णांच्या वार्ता आल्या. पारा त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती रोखतो, म्हणून चेहरा उजळल्याचा भास होतो. परंतु तो त्वचेतून रक्तात शिरतो आणि मूत्रपिंडे निकामी करतो. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता अन्य प्रसाधनांत नकळत राहिलेल्या पाऱ्याचे प्रमाणही दशलक्षात एक भागापेक्षा अधिक असता कामा नये. नियम आहे, पण विनानावाची डबी विकणारा आणि ती मुकाट्याने विकत घेणारा असे दोघेही तो मोडतात.

ही हाव कोठून आली? परकीय सत्तेच्या काळात राज्यकर्त्याचा वर्ण श्रेष्ठ मानण्याची वृत्ती बळावली, हे खरे आहे. परंतु स्वातंत्र्य मिळून पाऊणशे वर्षे उलटल्यावरही सारा दोष इंग्रजांवर टाकून आपली सुटका होणार नाही. ‘गोरी, सडपातळ वधू पाहिजे’ ही जाहिरात देणारे आपणच आहोत. सून पाहायला जाऊन तिच्या रंगावरून कुजबुजणारेही आपणच. ज्या समाजाचा राम मेघश्याम आहे, ज्याचा कृष्ण नावानेच काळा आहे, ज्याच्या महाभारतातील अग्निकन्या द्रौपदी वर्णावरूनच ‘कृष्णा’ म्हणून ओळखली गेली, आणि ज्याचे लक्षावधी वारकरी दर आषाढीला सावळ्या विठ्ठलाच्या ओढीने पंढरीची वाट चालतात, त्या समाजाने आपल्याच लेकीला सावळेपणाची लाज वाटायला लावावी, याला काय म्हणावे? देवळात सावळ्या मूर्तीपुढे हात जोडायचे आणि घरी येऊन सावळ्या मुलीच्या तोंडाला पाऱ्याचे मलम फासायचे, हा धर्म नव्हे. वाग्भटानेही नियमित मुखलेपाचे फळ म्हणून न कोमेजणारा, कमळासारखा मृदू चेहरा आणि दृढ दृष्टी यांचाच उल्लेख केला आहे.

म्हणून येत्या दिवाळीत घरात उटणे जरूर भिजवा. मुलींना आणि मुलांनाही लेप लावायला शिकवा. पण त्याबरोबर तो कोणत्या ऋतूत, कोणत्या त्वचेला, किती वेळ आणि कधी लावू नये, हेही शिकवा. बाजारातील डबी वाचायला शिकवा. आणि पहाटेच्या दिव्याच्या उजेडात त्यांचा जो वर्ण दिसेल, तो त्यांना त्यांच्या पूर्वजांनी दिलेला आहे, त्याला उणेपणा नाही, हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. हे काम कुठलाही कारखाना आपल्यासाठी करणार नाही. ते घरातील वडीलधाऱ्यांनीच करायचे आहे.