जुन्या ऑनलाइन गेम्सची ओढ नेमकी कशाची?

२०१३ मध्ये ‘रूनस्केप’ची २००७ सालची बॅकअप प्रत ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ नावाने पुन्हा सुरू झाली. २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ही ‘क्लासिक’ रूपात परतला. देखणे नवे गेम असताना लोक मागे का वळतात? फक्त आठवणींमुळे, हे उत्तर मला पटत नाही.

२००४ च्या वॉरक्राफ्टमध्ये डंजनमध्ये शिरायचं तर चॅटवर हाका मारून पाच जण जमवावे लागायचे. यात वेळ जायचा, पण ओळखी व्हायच्या. कुणी लूट घेऊन पळालं, तर सर्व्हरभर नाव खराब व्हायचं. डिसेंबर २००९ मध्ये ‘डंजन फाइंडर’ आला. एक बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण आपोआप एकत्र! वेळ वाचला, पण बोलायची गरजच संपली. आज कित्येक मोबाइल गेम्समध्ये तर ऑटो-प्ले असतो. कॅरेक्टर स्वतःच लढतं, आपण फक्त बघायचं.

अर्थात, जुनं ते सगळं सोनं नाही. कॉलेज-नोकरी सांभाळून तासभर टीम शोधणं कुणाला परवडणार? शिवाय क्लासिकमध्येही आता अनेक जण गाइड बघूनच खेळतात. जुना सर्व्हर परत आणता येतो, पहिल्या वेळचं कुतूहल नाही.

माझ्या मते लोकांना हवी आहे ती एकमेकांची गरज. ओल्ड स्कूल रूनस्केप २०१८ पासून मोबाइलवर आहे, काही भाग फुकट खेळता येतो. खेळून बघा, आणि शेजारी मासे पकडणाऱ्याला एकदा ‘हाय’ म्हणा.