मनात आलेला विचार हा गुन्हा नाही

ओसीडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सारखे हात धुणारा किंवा दाराची कडी दहादा तपासणारा माणूस येतो. मराठीत त्याला मंत्रचळ म्हणत आले आणि चेष्टेवारी नेत आले. पण या आजाराचं एक रूप असं आहे की त्यात हात धुतले जात नाहीत, कडी तपासली जात नाही, बाहेरून काहीच दिसत नाही. सगळं मनाच्या आत चालतं. पनवेल, कळंबोली, कामोठे, तळोजा या पट्ट्यात काम करताना, अभ्यासिकांत आणि विहारांत तरुणांशी बोलताना हे रूप आम्हाला पुन्हा पुन्हा भेटलं आहे. चळवळीत त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

ते दिसतं कसं? विहारात वंदनेला बसलेल्या मुलाच्या मनात अचानक बाबासाहेबांच्या तसबिरीबद्दल घाणेरडा शब्द येतो. पनवेल स्टेशनच्या फलाटावर उभ्या असलेल्या मुलीच्या मनात येतं, शेजारच्या बाईला मी गाडीपुढे ढकललं तर? बहिणीचं तान्हं बाळ मांडीवर घेतलेल्या मामाच्या मनात असं काही चमकून जातं की तो घाबरून बाळ खाली ठेवतो आणि पुन्हा घेतच नाही.

यानंतर जे सुरू होतं तो खरा आजार. तो मुलगा मनातल्या मनात त्रिसरण-पंचशील म्हणू लागतो. एक शब्द इकडेतिकडे झाला की पुन्हा पहिल्यापासून. मग मनातच माफी मागतो, ती मनापासून झाली नाही असं वाटलं की परत मागतो. ती मुलगी घरी जाऊन फलाटावरचा प्रत्येक क्षण आठवून तपासते, माझा हात हलला होता का? रात्री आईला विचारते, "मी तशी नाही ना गं?" आई नाही म्हणते, तासभर बरं वाटतं, मग पुन्हा तोच प्रश्न. एमपीएससीचं पुस्तक समोर उघडं असतं आणि दोन तासांत एक पान उलटत नाही. घरचे म्हणतात, पोरगं अभ्यासात लक्ष देत नाही.

अशा मुलांना एकच प्रश्न खात असतो: असा विचार माझ्या मनात आलाच कसा? याचं उत्तर विज्ञानाने १९७८ मध्येच दिलं आहे. स्टॅन्ली रॅचमन आणि पद्मल डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी कोणताही आजार नसलेल्या लोकांना विचारलं की नकोसे, किळसवाणे, हिंसक विचार तुमच्या मनात येतात का? शंभरात सुमारे ऐंशी जणांनी हो म्हटलं. इतरांच्या मनात तो विचार येतो आणि निघून जातो. ओसीडी असलेला माणूस त्याला पकडतो, त्यावर खटला चालवतो. आणि विचार नेमका तिथेच बोचतो जिथे आपलं सगळ्यात मोलाचं काही असतं. ज्याला बाबासाहेबांविषयी काही वाटतच नाही, त्याला तसबिरीबद्दलचा शब्द छळणार नाही.

हे पद्मल डी सिल्वा मूळचे श्रीलंकेचे. लंडनमध्ये काम करताना त्यांनी बौद्ध साहित्यातील मानसशास्त्राचा अभ्यास केला. नकोशा विचारांचं काय करावं यावर मज्झिम निकायातल्या वितक्कसंठान सुत्तात पाच उपाय सांगितले आहेत. त्यांची आणि आधुनिक वर्तनोपचाराची तुलना करणारा लेख त्यांनी १९८५ मध्ये लिहिला. बुद्धाने ओसीडीवर औषध शोधलं होतं असा दावा आम्ही करत नाही. पाचातला शेवटचा उपाय विचाराला जोर लावून दाबण्याचा आहे, तो तर या आजारात उलटतो. पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं की अस्वलच मनात येत राहतं, हे डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोगाने दाखवलं. पण धम्मातली दुसरी एक गोष्ट इथे पक्की उभी राहते. बुद्धाने कर्म म्हणजे चेतना, म्हणजे हेतू, असं सांगितलं. न बोलावता आलेल्या विचारामागे हेतू नसतो. ज्या विचाराने तुम्हाला घाम फुटतो तो तुमचं कर्म कसा होईल? माणसाची किंमत त्याच्या आचरणावरून करायची हे आपण जगाला सांगतो. तोच न्याय स्वतःला का लावत नाही?

मग मनातल्या या विधींनी आराम का पडत नाही? आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्यायले. महाड आणि पनवेल तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड जिल्ह्यातली. त्यानंतर महाडच्या सवर्णांनी १०८ घागरी, शेण, गोमूत्र, दूध, दही आणि मंत्रघोष असा सगळा घाट घालून तळं 'शुद्ध' केलं. पाण्यात बाटण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. त्या विधीने कुठलाही विटाळ धुतला नाही. उलट विटाळ होता, हे त्या विधीमुळेच लोकांच्या मनात पक्कं झालं.

जात हा मानसिक आजार आहे असा याचा अर्थ काढू नका. तळं शुद्ध करणाऱ्यांच्या हाती सत्ता होती आणि ती टिकवण्यासाठी त्यांना तो विधी हवा होता. ओसीडी झालेल्याला त्याच्या विधीतून छळाशिवाय काहीच मिळत नाही, आणि हा आजार सगळ्या जातिधर्मांत होतो. साम्य आहे ते विधीच्या कामात. मनातली प्रत्येक माफी, प्रत्येक तपासणी मेंदूला एकच सांगते: बघ, धोका खरा होता, म्हणून तर धुवावं लागलं. पुढच्या वेळी भीती आणखी मोठी होऊन येते.

आता चळवळीत ऐकू येणाऱ्या तीन आक्षेपांकडे येऊ.

पहिला: हे श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्याला भाकरीची लढाई आहे. आजार उत्पन्नाचा दाखला बघून येत नाही. फरक इतकाच की ज्याच्याकडे पैसा आहे तो दर आठवड्याला थेरपिस्टकडे जातो आणि आपलं पोरगं पाच वर्षं घरात कुढत बसतं, परीक्षेची वयोमर्यादा ओलांडतं. याला चोचले म्हणणं म्हणजे उपचार त्यांच्यासाठी आणि सोसणं आपल्यासाठी, हे मान्य करणं.

दुसरा: विपश्यना कर, सगळं जाईल. विपश्यनेचा अनेकांना लाभ होतो, त्याबद्दल वाद नाही. पण दहा दिवस मौनात स्वतःच्या मनाकडे पाहत बसणं तीव्र ओसीडीत त्रास वाढवू शकतं. शिबिराच्या अर्जातच मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं. तिथे खरं लिहा आणि आधी डॉक्टरांशी बोला. सतिपट्ठानात चित्त जसं आहे तसं जाणायला सांगितलं आहे. त्याच ध्यानाचा उपयोग कुणी मन तपासायला आणि धुवायला करू लागला, तर तो आणखी एक विधी झाला.

तिसरा: मन कमकुवत आहे, भीमसैनिक असा घाबरत नसतो. दिवसातले सहा तास स्वतःच्या डोक्यातल्या न्यायालयात उभं राहून वर कामावर जाणारा माणूस कमकुवत कसा? अंगात आलं म्हणून भगताकडे नेणं आपण बावीस प्रतिज्ञा घेऊन सोडलं. आता आजाऱ्याला "पॉझिटिव्ह विचार कर" म्हणून परत पाठवणं हा त्याचाच नवा अवतार आहे.

उपचार आहे आणि त्याचा उपयोग होतो. १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मेयर यांनी रुग्णांना भीतीला सामोरं नेऊन विधी करण्यापासून थांबवण्याची पद्धत मांडली. तीच आज ईआरपी, म्हणजे एक्सपोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन. मनातल्या विधींना ती अशी लागू होते: विचार आला तर येऊ द्यायचा. त्याच्याशी वाद घालायचा नाही, माफी मागायची नाही, आठवून तपासायचं नाही, कुणाला विचारायचं नाही. "असेल, नसेल, मला आत्ता ठरवायचं नाही" असं म्हणून हातातलं काम चालू ठेवायचं. सुरुवातीला भीती चढते. ती आपल्याला खाऊन टाकत नाही, हे मेंदू हळूहळू शिकतो. प्रशिक्षित थेरपिस्टबरोबर, सोप्यापासून अवघडाकडे, पायरीपायरीने हे करतात.

जोडीला फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीनसारखी औषधं असतात. ती जेनेरिक स्वरूपात स्वस्तात मिळतात. ओसीडीत त्यांचा पुरता परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, म्हणून पंधरा दिवसांत उपयोग नाही म्हणून सोडू नका. बरं वाटलं तरी मनाने बंद करू नका. बरं होणं म्हणजे विचार कायमचे गेले असं नाही. विचार येतो, आणि तुम्ही जेवत असाल तर जेवत राहता. परीक्षेच्या, बाळंतपणाच्या, नोकरी गेल्याच्या काळात आजार पुन्हा डोकं वर काढू शकतो. तेव्हा शिकलेलं परत वापरायचं.

घरच्यांसाठी एक गोष्ट. "तू तसा नाहीस" हे दिवसातून वीस वेळा सांगू नका, त्याने आजाराला खाद्य मिळतं. "हा तुझा आजार विचारतोय, मी उत्तर देणार नाही, पण मी इथेच आहे" असं म्हणा. आणि ज्याला हा आजार आहे त्याने हा लेखही खात्री करून घेण्यासाठी पुन्हा पुन्हा वाचू नये. एकदा वाचा आणि डॉक्टर गाठा.

शेवटी हक्काचा मुद्दा. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ च्या कलम १८ नुसार सरकारी मानसोपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. ती सेवा परवडणारी, राहत्या ठिकाणापासून पोहोचता येईल अशी आणि जात, लिंग, वर्ग यांवरून भेदभाव न करणारी हवी, असं कायदा सांगतो. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ ला झाली. जिल्हा रुग्णालय मात्र अलिबागला. रोजंदारी बुडवून तळोज्याच्या कामगाराने दर आठवड्याला अलिबाग गाठायचं का? पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस बसतात, मानसशास्त्रज्ञाचं पद आहे का, ईआरपी शिकलेलं कुणी आहे का, औषधांचा साठा किती, हे माहितीच्या अधिकारात विचारा. उत्तर घेऊन पालिकेच्या आणि जिल्हा प्रशासनाच्या दारात जा. तोवर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर विहाराच्या आणि अभ्यासिकेच्या फळ्यावर लिहा. तिथे चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. जगणं नको वाटत असेल तर थांबू नका, लगेच लावा.

रोहित वेमुला, पायल तडवी यांच्यानंतर आपण रस्त्यावर उतरलो आणि तो लढा व्यवस्थेच्या अन्यायाविरुद्ध होता. पण आपल्या तरुणांच्या मनाबद्दल आपण बोलतो ते बहुतेक वेळा कुणीतरी गेल्यावर. पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटं या विषयाला द्या. मागच्या रांगेत कुणीतरी गप्प बसून मनातल्या मनात माफी मागत असेल. त्याला कळू द्या की त्याने काहीच गुन्हा केलेला नाही आणि त्याच्यावर उपचार आहे.

जयभीम.