सायकल कोणती, मोटार कोणती?

वाघोलीहून पुणे-अहिल्यानगर महामार्गाने जाणारी विजेरी सायकल ही सायकल समजावी की मोटार वाहन? १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, पुढे झालेल्या दुरुस्त्यांसह, याचे उत्तर आहे. पायडलला साहाय्य करणारे यंत्र २५० वॅटपेक्षा कमी शक्तीचे असेल आणि वेग ताशी २५ किलोमीटरला पोहोचताच, किंवा पाय थांबताच, ते बंद होत असेल, तर ते मोटार वाहन ठरत नाही. परवाना, नोंदणी, विमा यांचे बंधन त्यास नाही.

विद्यार्थी व कारकून यांना ही सवलत उपकारकच आहे. परंतु वेगमर्यादा काढून टाकलेल्या गाडीने पादचाऱ्यास जखमी केले, तर विम्याअभावी त्याने भरपाई कोणाकडे मागावयाची? म्हणून वर्गीकरण विक्रेत्याच्या पाटीवरून नव्हे, प्रत्यक्ष वेगावरून व्हावे, आणि मर्यादा ओलांडणाऱ्या गाडीस नोंदणी व विमा अटळ असावा.

तथापि केवळ दंडाने भागणार नाही. संथ सायकलस्वारास मालमोटारींच्या रांगेत ढकलले, तर तो पदपथावर चढणारच; आणि पदपथ हा पादचाऱ्यांचा आहे. २०२१ साली वाघोलीचा समावेश पुणे महानगरपालिकेत झाला. खऱ्या सायकलीसाठी या रस्त्यालगत स्वतंत्र मार्ग आखणे हे आता पालिकेचे कर्तव्य होय.