दाताच्या दवाखान्यात भीड नको

मैत्रिणींनो, वांगं घ्यायचं तर आपण ते उलटंसुलटं करून, देठापाशी किडीचं भोक तर नाही ना, हे पाहून घेतो. डाळ निवडण्यात तर आपला हात कोणी धरणार नाही. पण दाताच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की आपली जीभ टाळूला चिकटते. "एवढे शिकलेले डॉक्टर, त्यांना आपण काय विचारायचं?" असं म्हणत आपण तोंड उघडतो आणि डोळे मिटून घेतो.

मीही तेच केलं होतं. काही वर्षांपूर्वी सासूबाईंची दाढ काढायला घेऊन गेले. आमच्या आधीच्या पेशंटच्या तोंडातला आरसा आणि चिमटा मदतनीस मुलानं नळाखाली धरला, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला आणि सासूबाईंसाठी पुन्हा ट्रेमध्ये मांडला. मी पाहिलं आणि गप्प बसले. दाढ निघाली, ठणका थांबला. पण महिन्याभरातच आमच्या इमारतीत एकांना कावीळ झाली, तीही रक्तातून पसरणारी 'बी' जातीची. झालं, माझी झोपच उडाली. घरच्या डॉक्टरांनी सासूबाईंचं रक्त तपासायला सांगितलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा एकदा. त्या सहा महिन्यांत त्यांना अन्न गोड लागलं नाही की माझ्या पोटात गोळा आला! सुदैवानं काही निघालं नाही. शेवटचा रिपोर्ट हातात आला तेव्हा मी त्यांच्याजवळ सगळं कबूल केलं. त्या म्हणाल्या, "अगं, मलाही दिसलं होतं की. मला वाटलं, सून शिकलेली, ती बोलेल."

दोघींनी पाहिलं आणि दोघीही भिडेपोटी गप्प! भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही खोटं नाही.

आता तुम्ही म्हणाल, उगाच घाबरवता. पण ही भीती पोकळ नाही. 'बी' काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा निदान सात दिवस तग धरतो. तामिळनाडूत वाणियंबाडी इथं 2023 साली एका दाताच्या दवाखान्यात गेलेल्या दहा जणांना मेंदूपर्यंत पोचणारा जंतुसंसर्ग झाला आणि त्यांतले आठ दगावले. शोध घेतला तेव्हा संशय गेला सलाइनच्या बाटलीवर. निर्जंतुक न केलेल्या हत्यारानं उघडलेली, सैल झाकलेली ती बाटली पुन्हापुन्हा वापरली जात होती. एवढीशी हयगय, पण केवढ्याला पडली!

मग पाहायचं काय? पहिली गोष्ट भिंतीवरची. डॉक्टर बी.डी.एस. किंवा एम.डी.एस. आहेत ना आणि राज्याच्या दंत परिषदेत त्यांची नोंदणी आहे ना, हे प्रमाणपत्रावर दिसतं. स्वस्तात कवळी बसवून देणाऱ्या, पदवी नसलेल्या माणसाच्या हाती तोंड देऊ नका.

दुसरी गोष्ट हत्यारांची. ती आधी घासून स्वच्छ धुवायची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये घालायची. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या कुकरचाच थोरला भाऊ. दाबाखालच्या वाफेत 121 अंशांना निदान 15 मिनिटं हत्यारं ठेवली की जंतू मरतात. नुसत्या उकळत्या पाण्याची धाव 100 अंशांपर्यंतच, त्यात काही चिवट जंतूंची बीजं जिवंत राहतात. आणि खरकटं भांडं न घासता उकळलं तर ते स्वच्छ होतं का? तसंच हत्यारांचं. निळा दिवा लागलेली काचेची पेटी दाखवली तर हुरळून जाऊ नका, ती स्वच्छ झालेली हत्यारं ठेवण्यापुरतीच. एका बाजूला कागद आणि दुसऱ्या बाजूला पारदर्शक प्लास्टिक असलेलं बंद पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे. त्यावरच्या खुणेचा रंग वाफेनं बदलतो. एवढ्यावरून सगळी खात्री पटत नाही, पण पाकीट वाफेत जाऊन आलं एवढं तरी कळतं. दात कोरायचं मशीन पाण्याबरोबर तोंडातली लाळही आत ओढून घेऊ शकतं, म्हणून त्याचा पुढचा भागही दर पेशंटनंतर ऑटोक्लेव्हमधून काढायला हवा.

तिसरी गोष्ट हातांची. हातमोजे दर पेशंटला नवे. ते घालून डॉक्टरांनी मोबाईल उचलला किंवा दाराची कडी काढली, तर मोजे बदलायला हवेत. सुई आणि सिरिंज नवी, तुमच्यासमोर उघडलेली. चूळ भरायचा पेला आणि लाळ ओढायची नळीसुद्धा नवी.

चौथी गोष्ट कचऱ्याची. 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, मोजे आणि प्लास्टिक लाल पिशवीत आणि सुया न टोचणाऱ्या पांढऱ्या डब्यात जायला हव्यात. सगळं एकाच बादलीत दिसलं तर समजा, बाकीचाही कारभार तसाच असणार.

आणि पाचवी गोष्ट डॉक्टरांच्या प्रश्नांची. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, औषधाची ॲलर्जी, दिवस गेले आहेत का, हे सारं दात काढण्याआधी जे विचारतात ते डॉक्टर चांगले. त्यांनी नाही विचारलं तर आपणहून सांगा, लाजू नका.

विचारायचं कसं, हीच खरी अडचण ना? तर भांडणाचा सूर नको. "डॉक्टर, मी जरा भित्री आहे हो. हत्यारं ऑटोक्लेव्हमधून काढलेली आहेत ना? पाकीट माझ्यासमोर उघडाल का?" एवढं म्हटलं तरी पुरे. चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट कौतुकानं मशीन दाखवतो. आणि जो रागावेल त्याच्या खुर्चीतून शांतपणे उठून या. दाढ दुखत असली तरी दुसऱ्या डॉक्टरांकडे जाईपर्यंत दम धरता येतो. मात्र गालावर सूज, ताप किंवा तोंड उघडेनासं झालं असेल तर वेळ न घालवता सरकारी दंत महाविद्यालय किंवा मोठं रुग्णालय गाठा.

शिवाय 'बी' काविळीची लस घरातल्या मोठ्यांनाही घेता येते. सहा महिन्यांत तीन टोचण्या. मुलांना सरकारी लसीकरणात ती मिळतेच, त्यांचं कार्ड एकदा काढून पाहा.

परवा सासूबाईंच्या कवळीसाठी नव्या डॉक्टरांकडे गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "डॉक्टर, आधी ते पाकीट माझ्यासमोर फोडा बरं!" डॉक्टर हसले आणि त्यांनी फोडलं. बघा, एवढंच तर असतं.