कुलरच्या खोलीतला कॉम्प्युटर

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. कारण मे महिना. आमच्या भंडाऱ्यात मे महिन्यात दुपारी माणूस दोनच कामं करू शकतो, कुलरसमोर पडून राहणं आणि कुलरच्या टाकीत पाणी भरणं. त्यातलं दुसरं काम म्हाताऱ्यांकडे असतं.

परवा पुण्याहून भाच्याचा फोन आला. आमच्या नातवाचा कॉम्प्युटर तापतो आणि फार आवाज करतो हे त्याला कुठूनतरी कळलं होतं. म्हणाला, "मामा, चांगला कुलर बसवा त्याला." मी म्हटलं, "अरे, बसवलाय की. खिडकीत. अठरा इंची पंखा आहे, ताट्या नव्या आहेत." तिकडे थोडा वेळ शांतता. मग कळलं की तो प्रोसेसरवर बसवायच्या कुलरबद्दल बोलत होता आणि मी वाळ्याच्या. आम्ही दोघंही हसलो. पण फोन ठेवल्यावर मला वाटलं, या गोंधळातच सगळा मुद्दा आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. विदर्भात राहणाऱ्याने प्रोसेसर ओव्हरक्लॉक करू नये. नातवाला हे अर्धंच पटलंय आणि भाच्याला मुळीच नाही. मी मराठी आणि इतिहास शिकवणारा मास्तर, बी.ए. पास. विज्ञान माझा विषय नव्हे हे कबूल. पण हिशेब मला येतो.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी (आमच्या ताईसाठी खास): ओव्हरक्लॉक करणं म्हणजे कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं. हा उद्योग नवा नाही. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३०० ए नावाचा स्वस्त प्रोसेसर आला होता. मदरबोर्डवरची ६६ मेगाहर्ट्झची सेटिंग १०० केली की ३००चा प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर पळायचा. फुकटात दीडपट! तेव्हाच्या पोरांना वेड लागलं यात नवल नाही, मीही त्या वयाचा असतो तर केलं असतं.

आमचा नातू लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. उन्हाळा म्हणजे लग्नसराई, आणि लग्नसराई म्हणजे त्याची वर्षाची अर्धी कमाई. मुलीकडचे फोन करकरून जीव खातात, "झालं का? झालं का?" म्हणून त्याने आपला जुना प्रोसेसर ३.६ गिगाहर्ट्झवरून ४.२वर नेला. तेवढ्यासाठी व्होल्टेज १.२वरून १.३५ करावं लागलं. हा हौसेचा नाही, पोटाचा प्रश्न होता, हे मी मान्य करतो.

आता दुसरी बाजू. मे महिन्यात आमचं सगळं घर रात्री एकाच खोलीत झोपतं, कुलरच्या खोलीत. कॉम्प्युटरही त्याच खोलीत, कारण दुसऱ्या खोलीत ठेवला तर तो दुपारी आपोआप बंद पडतो. आणि आमच्या सौ.ना गेल्या वर्षीपासून चक्कर येते, रक्तदाब वर-खाली होतो. डॉक्टरांनी सांगितलंय, गोळ्यांइतकीच झोप महत्त्वाची. नातू रात्री अकराला रेंडर लावून झोपायचा. जवान पोर, तो झोपायचा. त्याची आजी छताकडे बघत पडायची.

गंमत म्हणजे खिडकीतला कुलर त्या पंख्यापेक्षा कितीतरी जास्त घरघर करतो. त्याने ती कधी जागी झाली नाही. तिलाच विचारलं तर म्हणाली, "कुलरचा आवाज एकसारखा असतो हो. हा तुमचा डबा मधेच विव्हळतो, मधेच गप्प होतो. गप्प झाला की मी वाट पाहते, आता कधी विव्हळेल." चाळीस वर्षं वर्गात काढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही. वर्गातली गुणगुण चालते, अधूनमधून वाजणारा एक बाक डोकं उठवतो.

मग नातवाने आणि मी मिळून उद्योग सुरू केले. पहिला प्रयोग त्याचा. कुलरसमोर प्लास्टिकचा पाइप लावून गार हवा थेट कॅबिनेटमध्ये सोडायची. दोन दिवस तापमान झकास उतरलं. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर आत पाण्याचे बारीक शिंतोडे आणि त्यावर पांढरी पुटं. आमच्या बोअरचं पाणी जड, कुलरच्या ताट्यांवर जे मीठ साचतं तेच बोर्डावर साचायला लागलं होतं. पाइप काढला. हा प्रयोग कोणी करू नका.

दुसरी कल्पना माझी. भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, ब्रास सिटी म्हणतात आम्हाला. मी म्हटलं, एखाद्या कारागिराकडून पितळेचा जाड ठोकळा आणि पत्रे घडवून घेऊ, प्रोसेसरवर बसवू. नातवाने मोबाइलवर तक्ता काढून दाखवला. उष्णता वाहून नेण्यात तांब्याचा आकडा ४०० च्या आसपास, ॲल्युमिनियमचा २३०-२३५, आणि पितळेचा जेमतेम ११०-१२०. तांब्यात जस्त मिसळलं की भांडं कडक होतं, टिकतं, पण उष्णता वाहण्याचा गुण निम्म्याहूनही कमी होतो. गावाचा अभिमान तिथे कामाला आला नाही. असो.

भाच्याचं एक मात्र खरं निघालं. तो म्हणतो तो उंच टॉवर कुलर आम्ही जुना, वापरलेला घेतला. त्यात तांब्याच्या बंद नळ्या असतात आणि त्या नळ्यांत थोडंसं पाणी. प्रोसेसरच्या बाजूला पाण्याची वाफ होते, वर पत्र्यांपाशी थंड होऊन परत पाणी होतं आणि खाली येतं. म्हणजे काम आमच्या माठाचं आणि ताटीचंच, फक्त पाणी बाहेर जात नाही. त्याला दोन मोठे, बारा सेंटिमीटरचे पंखे लावले. जुना पंखा लहान होता, म्हणून त्याला जीव तोडून फिरावं लागायचं. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. आणि सारख्या आवाजाचे दोन पंखे शेजारी लावले तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. हे कळल्यावर मी दोनदा वाचून खात्री केली, कारण मला वाटलं होतं दोन पंखे म्हणजे दुप्पट गोंगाट.

बाकीचं घरचं सामान. सायकलच्या फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून पंखे स्क्रूऐवजी त्यांवर टांगले, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्याला लागत नाही. हार्ड डिस्क तर परकराच्या इलॅस्टिकवर झोळीसारखी लटकवली आहे. (इलॅस्टिक कोणाच्या पेटीतून आलं ते विचारू नका, अजून तपास चालू आहे.) हवा आत येते तिथे मच्छरदाणीचा तुकडा. आमच्याकडे राइस मिलचा कोंडा हवेत असतो, दर पंधरवड्याला तो तुकडा झटकावा लागतो.

एवढं करूनही दुपारी प्रोसेसर नव्वदीच्या वर जायचाच. इथे भाच्याचं आणि माझं वाजतं. कुठलाही पंख्याचा कुलर प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. समजा तुमचा कुलर प्रोसेसरला हवेपेक्षा ४५ अंश वर रोखून धरतो. पुण्यात खोली २८ अंश असेल तर प्रोसेसर ७३वर. आमच्याकडे वीज गेली-आली, कुलर तासभर बंद राहिला आणि खोली ४२ला गेली तर तोच प्रोसेसर ८७वर. शंभरच्या आसपास पोचला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे एका हाताने चोरलेला वेग तो दुसऱ्या हाताने परत देतो, आणि वर बोंब मारतो ती वेगळीच. २३ मे २०१३ला नागपूरला ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं. थंड देशातल्या पोरांनी लिहिलेले ओव्हरक्लॉकिंगचे सल्ले अशा हवेसाठी लिहिलेले नसतात.

आता हिशेब. प्रोसेसरची उष्णता ढोबळमानाने वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ३.६चे ४.२ म्हणजे वेग १७ टक्के जास्त. १.२चे १.३५ व्होल्ट, त्याचा वर्ग करून गुणा, उष्णता निघते ४८ टक्के जास्त. तीन तासांचं रेंडर १५४ मिनिटांत झालं. वाचली २६ मिनिटं. ती कधी? रात्री दोन वाजता. त्या वेळी मुलीकडचे झोपलेले, नातू झोपलेला, जागी एकटी आजी.

हा कागद मी त्याच्यासमोर ठेवला तेव्हा तो चिडला. "आबा, तुम्हाला काय कळतं, घाई काय असते ते." मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून वेग परत ३.६वर आणला, आणि मग आणखी एक गोष्ट केली जी मला सुचलीही नव्हती. व्होल्टेज हळूहळू खाली उतरवत नेलं. १.०५ला मशीन दोनदा अडकलं, १.१ला रात्रभर चाललं. तिथेच ठेवलं. उष्णता आता ओव्हरक्लॉकच्या निम्म्याहून थोडी जास्त, वेग मात्र कंपनीने दिला तितका पूर्ण. पंखे एकाच संथ वेगावर बांधून टाकले, वर-खाली होणं बंद.

मोठ्या कंपन्यांनाही हे शिकायला किंमत मोजावी लागली आहे. इंटेलला पेंटियम ४ चार गिगाहर्ट्झपर्यंत न्यायचा होता. २००४ साली त्यांनी तो बेत सोडला आणि एका चिपमध्ये दोन प्रोसेसर बसवण्याकडे वळले. उष्णता आणि वीज आडवी आली.

भाचा म्हणतो, एसी घ्या, सगळे प्रश्न मिटतील. मिटतील, बिल सोडून. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. नातवाचं मशीन २०० वॉट खात असेल तर त्याची तासाभराची सगळी उष्णता तीनशे मिली पाण्यात निघते, एक मोठा पेला. बाहेर ४४ अंश आणि हवा कोरडी असली की खिडकीतला कुलर २७-२८ अंशांची हवा देतो. म्हणजे मी पुन्हा तिथेच येतो, की आमच्या घरी प्रोसेसरचा खरा कुलर खिडकीत आहे आणि त्याला पाणी घालणारा माणूस मी आहे.

नातवाचं म्हणणंही नोंदवतो, नाहीतर एकतर्फी होईल. तो म्हणतो, दिवसा गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना त्या २६ मिनिटांना किंमत आहे, आणि जानेवारीत, रात्री पारा बारा-तेरावर असताना, तो पुन्हा ४.२ करणार. जानेवारीत करावं. कोणी अडवलंय? तेव्हा सगळे वेगवेगळ्या खोल्यांत झोपतो.

एकच काळजी आहे. मृगाचा पहिला पाऊस पडला की हवा दमट होते आणि वाळ्याचा कुलर नुसती ओली हवा फेकतो, गारवा नाही. खोली तेव्हाही पस्तिशीत असते आणि लग्नांचं काम शिल्लक असतं. नातू कॅबिनेटची एक बाजू उघडी ठेवून टेबलफॅन लावायचं म्हणतोय. टेबलफॅनचा आवाज आजीला चालतो का हे आधी विचारायला सांगितलंय. काय ठरतं ते जूनमध्ये लिहीन, आता टाकी रिकामी झाल्याचा आवाज येतोय.