टीबी गोल्ड पॉझिटिव्ह म्हणजे टीबी नव्हे

"डॉक्टरसाहेब, पोराला टीबी निघाला म्हणतात." जाम चौरस्त्याहून आलेल्या एका बाईंनी रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला. मुलाचं वय 22, दहा दिवसांचा खोकला. थुंकी तपासलेली नाही, एक्स-रे नाही. फक्त 'टीबी गोल्ड पॉझिटिव्ह' असा कागद, आणि त्यावरून चार दिवसांपूर्वी सुरू झालेल्या टीबीच्या गोळ्या.

तुमच्याही घरात असा कागद असेल तर माझं मत आधीच सांगतो. खोकणाऱ्या माणसाला टीबीचा आजार आहे का, हे ठरवायला ही तपासणी लिहूच नये.

कारण ही तपासणी जंतू शोधत नाही. ती तुमच्या टी पेशींची आठवण तपासते. टीबीचा जंतू एकदा शरीरात शिरला की काही टी पेशी त्याला लक्षात ठेवतात. लॅबमध्ये तुमचं रक्त वेगवेगळ्या नळ्यांत घेतात. एका नळीत काहीच नसतं, दुसरीत टीबीच्या जंतूची निवडक प्रथिनं असतात, आणि आणखी एका नळीत कोणत्याही टी पेशीला डिवचणारा पदार्थ असतो. या नळ्या 37 अंशांवर 16 ते 24 तास ठेवतात. जंतूची ओळख असलेल्या पेशी इंटरफेरॉन गॅमा नावाचं रसायन सोडतात, ते मोजतात. रिकाम्या नळीचा आकडा वजा करून 0.35 किंवा जास्त आला तर साधारणपणे पॉझिटिव्ह. एलिस्पॉट ही याचीच बहीण. तिथे प्रत्येक जागी झालेली पेशी थाळीवर एक ठिपका सोडते आणि ते ठिपके मोजतात.

म्हणजे पेशी जिवंत हव्यात! जामला घेतलेलं रक्त नागपूरच्या लॅबला पाठवलं असेल, तर ते किती वाजता घेतलं आणि किती वाजता उबवायला ठेवलं, हे जरूर विचारा. डिवचणाऱ्या नळीतही पेशी गप्प राहिल्या तर रिपोर्टवर 'इनडिटरमिनेट' येतं. त्याचा अर्थ 'आजार नाही' असा नाही. तपासणीतून काहीच कळलं नाही, एवढाच तो अर्थ.

आता आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट. 2004 मध्ये सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. मधुकर पै आणि सहकाऱ्यांनी तिथल्या 726 डॉक्टर, नर्स, विद्यार्थी, कर्मचाऱ्यांची ही रक्ततपासणी केली, शिवाय हातावर टोचून बघायची जुनी माँटूही केली. रक्तात 40 टक्के पॉझिटिव्ह, माँटूत 41 टक्के. दोन्हींपैकी निदान एक तरी पॉझिटिव्ह असलेले निम्मे! ही सगळी कामावर येणारी, चालतीफिरती माणसं. दवाखान्यात जंतूशी गाठ जास्त पडते हे खरं, पण टीबी आपल्याकडे घरोघरी फिरलेला आहे. मग त्या मुलाच्या पॉझिटिव्हमधून काय कळलं? जंतू कधीतरी भेटला होता, इतकंच. अशा दहा जणांपैकी नऊ जणांना आयुष्यात कधीच आजार होत नाही.

उलट, निगेटिव्ह आलं म्हणूनही निर्धास्त राहू नका. प्रतिकारशक्ती खालावली असेल तर टीबी असूनही पेशी गप्प राहतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्येच आपल्यासारख्या देशांत आजाराच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नका, असं सांगितलं.

काही डॉक्टरमित्र म्हणतात, "थुंकीच पडत नाही, करायचं काय?" मिठाच्या पाण्याची वाफ देऊन थुंकी काढता येते. एक्स-रे आहे, सीबीनॅट आहे, गाठ असेल तर सुईने नमुना घेता येतो. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी मोफत होते. मला वाटतं, रक्ताची नळी भरून पाठवणं सोपं असतं, म्हणून ती भरली जाते.

तपासणी वाईट नाही, तिची जागा वेगळी आहे. घरात कोणाला फुफ्फुसाचा टीबी झाला, किंवा संधिवातासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी इंजेक्शनं सुरू करायची आहेत, तर लपलेला संसर्ग शोधायला ती कामाची. बीसीजीच्या लसीमुळे ती फसत नाही, माँटू फसू शकते.

गोळ्या सुरू असतील तर मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला. या मुलाची थुंकी आणि एक्स-रे दोन्ही तपासले, काही निघालं नाही. क्षयरोग विभागाच्या डॉक्टरांशी बोलून गोळ्या थांबवल्या. पुढच्या दोन आठवड्यांत खोकला गेला. आईने मात्र तो कागद पिशवीत जपून ठेवला, पुढच्या डॉक्टरला दाखवायला. म्हणून मी त्यावर पेनाने लिहून दिलं: 'जंतूची ओळख आहे, आजार सापडला नाही', खाली तारीख आणि सही.